विभंग जुना झाला म्हणून डोंगर पक्का होत नाही

2023 साली उत्तराखंडातील दोन घटनांमुळे भूगर्भशास्त्रातले काही शब्द देशभर घरोघरी पोहोचले. जानेवारीत जोशीमठमधील शेकडो घरांच्या भिंतींना आणि अंगणांना भेगा पडल्या. 12 नोव्हेंबरला, ऐन दिवाळीच्या पहाटे, सिल्क्यारा येथे काम चालू असलेल्या बोगद्याचा काही भाग खचला आणि 41 कामगार आत अडकले. त्यांची सुटका व्हायला 28 नोव्हेंबरची रात्र यावी लागली. दोन्ही वेळी दूरचित्रवाणीवरील चर्चांमध्ये ‘हा भाग फॉल्टवर आहे’ हे वाक्य वारंवार आले, आणि ऐकणाऱ्या बहुतेकांनी त्याचा अर्थ ‘येथे भूकंपाचा धोका आहे’ असा घेतला. वास्तविक यांपैकी एकाही घटनेच्या आधी मोठा भूकंप झालेला नव्हता. मग कोट्यवधी वर्षांपूर्वी खडकात पडलेली आणि आज बहुतांशी स्तब्ध असलेली तूट, म्हणजे फॉल्ट किंवा विभंग, रस्त्याला, बोगद्याला किंवा गावाला नेमका कसला त्रास देते?

जुना विभंग आज हलतो म्हणून दरडी कोसळतात, असे फार क्वचित घडते. तो पूर्वी हलत होता तेव्हा त्याने आजूबाजूच्या खडकाची जी अवस्था करून ठेवली, तिचा त्रास आज होतो. भूकंपाचा धोका आणि दरडींचा धोका हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विभंगाच्या बाबतीत त्यांची सरमिसळ झाली की ‘विभंग निष्क्रिय आहे, काळजीचे कारण नाही’ असा निष्कर्ष सरकारी खुलाशांत उतरतो, आणि तो दरडींच्या बाबतीत दिशाभूल करणारा असतो.

विभंग ही रेघ नसते, पट्टा असतो

खडक तुटला आणि त्या तुटीच्या एका बाजूचा भाग दुसऱ्या बाजूच्या मानाने सरकला, तर त्या तुटीला विभंग म्हणतात. शालेय भूगोलात यालाच प्रस्तरभंग म्हटलेले असते. खडक नुसता तडकला पण सरकला नाही, तर ती साधी फट. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सरकणे म्हणजे प्रचंड दाबाखाली घासणे, आणि घासले गेलेले काही ना काही मागे उरते.

नकाशावर विभंग एका रेघेने दाखवतात, त्यामुळे तो बारीक असावा असा समज होतो. प्रत्यक्षात त्याच्या मधोमध एक गाभा असतो आणि त्या गाभ्यात दळून निघालेला खडक असतो. राखाडी किंवा काळपट रंगाचा हा लगदा ओला असताना बोटांनी दाबता येतो. अभियंते त्याला गाउज म्हणतात. गाभ्याच्या दोन्ही अंगांना भेगाळलेल्या खडकाचा त्याहून रुंद पट्टा असतो. हा खडक लांबून अखंड दिसतो, पण हातोडीच्या एका घावात त्याचे मूठभर तुकडे होऊन हातात येतात. लहान विभंगात गाभा आणि पट्टा मिळून हातभर जाडीचे असतात. मोठ्या विभंगात ही जाडी शेकडो मीटर, कधी काही किलोमीटरही भरते.

जात्याच्या दोन दगडांमध्ये धान्य भरडले जाते, तसा विभंगाच्या दोन बाजूंमध्ये खडक भरडला जातो. आणि जाते थांबले म्हणून पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत. अर्थात निसर्गात याला अपवाद आहेत. जमिनीत खोलवर, उष्ण पाण्यातून आलेले क्वार्ट्झ किंवा कॅल्साइट भेगांमध्ये साचून काही विभंग पुन्हा घट्ट सांधले जातात, आणि क्वचित ती जागा आजूबाजूच्या खडकापेक्षाही टणक होते. पृष्ठभागाजवळ मात्र बहुधा उलटे घडते. भेगांमधून पावसाचे पाणी मुरत राहते, फेल्डस्पार आणि अभ्रक यांसारख्या खनिजांचे हळूहळू चिकणमातीत रूपांतर होते, आणि विभंग जितका काळ पावसापाण्यात उघडा राहील तितका तो कुजत जातो. ‘जुना’ या शब्दात ‘आता स्थिरावलेला’ असा जो दिलासा आपल्याला ऐकू येतो, त्याला येथे आधार नाही.

हिमालयात अशा विभंगांची कमतरता नाही. भारतीय भूपट्ट सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला आणि अजून वर्षाला चार-पाच सेंटीमीटर वेगाने उत्तरेकडे सरकतो आहे. त्यातले जवळपास दोन सेंटीमीटर हिमालयात सामावले जातात. या रेट्याने खडकांचे थर तुटून एकमेकांवर चढले. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना असे तीन मोठे विभंग लागतात: पायथ्याशी हिमालयीन अग्र विभंग, मग मुख्य सीमा विभंग आणि त्याच्या उत्तरेला मुख्य मध्य विभंग. आर्नोल्ड हाइम आणि आउगुस्टो गान्सर या स्विस भूवैज्ञानिकांनी 1936 साली मध्य हिमालयात पायी हिंडून मुख्य मध्य विभंगाचे वर्णन केले. त्यावरची मोठी हालचाल दोन कोटींहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाली आणि वरचा थर खालच्या थरावर शंभराहून अधिक किलोमीटर सरकला. आज हिमालयाला जे भूकंप हादरवतात त्यांतले बहुतेक याच्याही खाली, खोलवर असलेल्या एका वेगळ्या पृष्ठावर होतात. मुख्य मध्य विभंग स्वतः बराच शांत आहे, पण त्याच्या पट्ट्यातला खडक पूर्वी शंभर किलोमीटर घासला गेला ही गोष्ट त्या शांततेमुळे पुसली जात नाही.

भूकंप नसताना डोंगर का सुटतो?

उतारावरचा कोणताही खडक दोन गोष्टींच्या जोरावर टिकून असतो: तुकड्यांमधले घर्षण आणि त्यांची एकमेकांना असलेली चिकटण. कोरड्या, खडबडीत फटीवर टेकलेला खडकाचा तुकडा त्या फटीचा कल साधारण 30 ते 40 अंशांपर्यंत गेला तरी जागेवर राहू शकतो. त्याच फटीत विभंगाचा चिकणमातीचा लगदा असेल, तर ही मर्यादा 10 ते 15 अंशांवर येते, आणि पाणी शोषून फुगणारी काही खनिजे त्यात असतील तर त्याहूनही खाली. हिमालयातील दऱ्यांचे उतार सर्रास 30 अंशांच्या पुढे आहेत. लगद्याचा थर डोंगराच्या पोटात, सर्व बाजूंनी दाबलेला असेपर्यंत काही होत नाही; नदीने किंवा रस्त्याने त्याचे खालचे टोक उघडे पाडले की वरचा भार केवळ त्या दहा-पंधरा अंशांच्या भरवशावर उरतो.

दुसरी बाब पाण्याची आहे आणि ती अधिक गंभीर आहे. पाण्यामुळे माती निसरडी होते एवढेच आपण धरून चालतो, पण त्याहून मोठा परिणाम दाबाचा असतो. फटीत दहा मीटर उंचीइतके पाणी साठले, तर तळाशी ते प्रत्येक चौरस मीटरवर जवळपास दहा टनांचा रेटा देते. हा रेटा वरच्या खडकाला उचलून धरतो, त्याचे खालच्या खडकावरचे दडपण तेवढे कमी होते, आणि दडपण कमी झाले की घर्षणही कमी होते. खडकाचे वजन तेच, उतार तोच, तरीही तो सरकू शकतो.

येथे विभंगाची रचनाच आड येते. गाभ्यातला लगदा पाण्याला अडवतो, पण दोन्ही बाजूंचा भेगाळलेला खडक पाणी सहज वाहून नेतो. त्यामुळे पाणी विभंगाच्या कडेकडेने उतरते, पण त्याला ओलांडून पलीकडे जाऊ शकत नाही आणि एका बाजूला साठत राहते. घाटरस्त्यावर एकाच रेषेत तीन-चार झरे फुटलेले दिसले, त्यांच्या आसपास काळसर चिखल असला आणि उघड्या पडलेल्या दगडांवर चकाकी असलेले, रेघोट्या ओढलेले गुळगुळीत पृष्ठ असले, तर तेथून विभंग जात असण्याची शक्यता बरीच असते. त्या गुळगुळीत पृष्ठावरून बोट फिरवले तर एका दिशेने ते सहज सरकते आणि उलट दिशेने अडखळते. कोणता भाग कोणत्या बाजूला सरकला होता हे भूवैज्ञानिक त्यावरून ओळखतात.

विभंगाजवळ दरडी जास्त, पण विभंगामुळेच कशावरून?

ही शंका रास्त आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने 2023 साली प्रसिद्ध केलेल्या दरडींच्या नकाशासंग्रहात देशभरातील सुमारे 80 हजार दरडींची नोंद आहे आणि 147 जिल्ह्यांच्या क्रमवारीत रुद्रप्रयाग पहिला, टिहरी गढवाल दुसरा आहे. रुद्रप्रयागमधून मुख्य मध्य विभंगाचा पट्टा जातो, हे खरे. पण ती क्रमवारी लोकसंख्या, रस्ते, घरे यांना असलेल्या धोक्यावर आधारलेली आहे, त्यामुळे तिच्यावरून विभंगाला थेट दोषी ठरवता येत नाही.

शिवाय याच पट्ट्यात डोंगर एकदम उंच आणि तीव्र उताराचे होतात, आणि दक्षिणेकडून आलेले पावसाचे ढग नेमके तेथेच अडून बरसतात. म्हणजे कमकुवत खडक, तीव्र उतार आणि जोरदार पाऊस ही तिन्ही कारणे एकाच जागी एकत्र येतात, आणि एखाद्या दरडीत कोणाचा वाटा किती हे वेगळे काढणे अवघड असते. ‘विभंगामुळे दरड कोसळली’ असे वाक्य मला म्हणूनच अर्धवट वाटते. पाऊस हे निमित्त आणि विभंगाने आधीच कमी करून ठेवलेली खडकाची ताकद ही पूर्वस्थिती, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. 13 ऑगस्ट 2017 रोजी हिमाचल प्रदेशात मंडी-पठाणकोट महामार्गावर कोटरोपी येथे दरडीखाली राज्य परिवहनच्या दोन बस सापडल्या आणि 46 जणांचा जीव गेला. निमित्त पावसाचेच होते. जागा मात्र मुख्य सीमा विभंगाच्या लगतची, चुरा झालेल्या खडकाची होती.

रस्ते नेमके अशाच ठिकाणी का येतात, यालाही कारण आहे. नदी कठीण खडकापेक्षा भरडलेला खडक लवकर कापते, म्हणून अनेक दऱ्या विभंगांच्या रेषेत तयार होतात. रस्ता बांधणारा सोपा चढ शोधत दरीतून जातो. अशा रीतीने कोणीही मुद्दाम न ठरवता रस्ता मैलोनमैल विभंगाला समांतर धावू लागतो, आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने विभंगाला समांतर जाणे सर्वांत वाईट. काटकोनात ओलांडला तर खराब खडक थोड्या लांबीत संपतो. समांतर गेले तर तो संपतच नाही.

जोशीमठ: विभंग, जुनी दरड आणि तिच्यावरचे शहर

मुख्य मध्य विभंग जोशीमठच्या खालच्या बाजूने, हेलंगच्या परिसरातून जातो. पण शहराची अडचण समजण्यासाठी मध्ये आणखी एक दुवा लागतो. विभंगाच्या पट्ट्यातील खडक कमकुवत असल्यामुळे तेथे हजारो वर्षांपासून मोठमोठ्या दरडी कोसळत आल्या आहेत, आणि त्या दरडींचा ढिगारा उतारावर थबकून राहिला आहे. हिमालयात सपाट जागा दुर्मीळ असते. असा थबकलेला ढिगारा आजूबाजूच्या कड्यांपेक्षा सपाट असतो, त्यात माती भरपूर असते, झरे असतात. साहजिकच गावे त्याच्यावर वसतात. जुन्या काळी लाकूड-दगडाच्या हलक्या, विखुरलेल्या घरांना त्याने आसरा दिलाही. जोशीमठ अशाच जुन्या दरडीवर उभे आहे, हे हाइम आणि गान्सर यांनी 1939 मध्येच लिहून ठेवले होते.

1976 साली गढवालचे तत्कालीन आयुक्त मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही तेच सांगितले: जोशीमठ मूळ खडकावर नसून वाळू आणि दगडांच्या ढिगाऱ्यावर आहे, येथे जड बांधकामे करू नयेत, उतारावरचे मोठे दगड खणून किंवा सुरुंग लावून काढू नयेत, पाण्याच्या निचऱ्याची सोय करावी. त्यानंतर शहरात बहुमजली हॉटेले उभी राहिली आणि सांडपाणी वर्षानुवर्षे उतारातच मुरत राहिले.

जवळच्या तपोवन-विष्णुगड जलविद्युत प्रकल्पाचा बोगदा हे याच गोष्टीचे दुसरे अंग. 24 डिसेंबर 2009 रोजी, जमिनीच्या खूप खाली, बोगदा खणणाऱ्या अजस्र यंत्राने पाणी साठवून बसलेला खडक फोडला आणि सेकंदाला 700 ते 800 लिटर, म्हणजे दिवसाला सहा-सात कोटी लिटर पाणी आत घुसले. यंत्र भेगाळलेल्या विभंग-पट्ट्यात अडकून पडले. विभंगाच्या एका बाजूला पाणी साठून राहते असे वर म्हटले, त्याचे यापेक्षा ठसठशीत उदाहरण सापडणे कठीण आहे. या गळतीचा 2023 मधील भेगांशी संबंध आहे का, यावर वाद आहे. प्रकल्प उभारणाऱ्या एनटीपीसीने तो नाकारला आहे, तर स्थानिक आंदोलक त्यावर ठाम आहेत. एकच गुन्हेगार शोधण्याचा हट्ट येथे फारसा उपयोगाचा नाही, असे माझे मत आहे. ढिगारा आधीपासून होता, खालून अलकनंदा त्याचा पाया कोरत होती, वरून वजन आणि सांडपाणी वाढत होते. यातले प्रत्येक कारण सुरक्षिततेची शिल्लक थोडीथोडी कमी करत होते.

‘इतकी वर्षे उभा होता, मग आताच का पडला?’

हा प्रश्न प्रत्येक दरडीनंतर विचारला जातो, आणि त्याचे उत्तर याच शिल्लकीत आहे. अभियंते उताराला धरून ठेवणारे बल आणि त्याला खाली ओढणारे बल यांचे गुणोत्तर काढतात. ते 1 असेल तर उतार काठावर आहे. कायमस्वरूपी कामांसाठी ते साधारण 1.3 ते 1.5 असावे अशी अपेक्षा असते. विभंग-पट्ट्यातील नैसर्गिक उतार पुष्कळदा 1 च्या जरासेच वर असतात. असा उतार शंभर वर्षे उभा राहू शकतो, कारण ‘जरासे वर’ असणे उभे राहण्यापुरते पुरेसे आहे. त्याचा पायथा पाच-सात मीटर कापला किंवा वरच्या बाजूची गटारे तुंबवली, की पुढच्याच मोठ्या पावसात तो सुटतो. उतार शंभर वर्षे टिकला यावरून तो भक्कम होता असे सिद्ध होत नाही. त्याला तोवर कोणी छेडले नव्हते, इतकेच सिद्ध होते.

अभियंत्यांना हे आधी कळत नाही का?

बरेचसे कळते, किंवा कळू शकते. प्रकल्पाआधी जमिनीत नळीसारखा पोकळ ड्रिल घालून खडकाचा दंडगोल बाहेर काढतात आणि लाकडी पेटीत मीटरवार ओळीने मांडतात. प्रत्येक मीटरमध्ये दहा सेंटीमीटरहून लांब अखंड तुकडे किती निघाले, त्यांच्या एकूण लांबीची टक्केवारी काढली की खडकाचा दर्जा कळतो; अमेरिकी अभियंते डॉन डीअर यांनी 1960 च्या दशकात रूढ केलेले आरक्यूडी नावाचे हे साधे माप आजही जगभर वापरले जाते. चांगल्या खडकात ते 90 च्या वर जाते. विभंगात ते शून्यावर येते.

पण गंमत अशी की पेटीत जे दिसते त्यापेक्षा जे दिसत नाही ते अधिक बोलके असते. ड्रिलच्या पाण्याबरोबर मऊ लगदा वाहून जातो आणि पेटीत तेवढी जागा रिकामी राहते. घाईत असलेला माणूस ती जागा ‘नमुना मिळाला नाही’ अशी नोंद करून पुढे जातो, तर अनुभवी भूवैज्ञानिक आधी तीच रिकामी जागा पाहतो, कारण दरड ज्या थरावरून घसरणार असते तो थर बहुधा त्या रिकाम्या जागेतलाच असतो. दुसरा घोळ दिशेचा असतो. विभंग जवळजवळ उभा असेल आणि ड्रिलही सरळ खाली घातला, तर दोघे समांतर जातात आणि भेट होतच नाही. अशा ठिकाणी तिरपे ड्रिल घ्यावे लागतात. ते महाग पडतात, आणि कमी खर्चाच्या निविदेत आधी तेच वगळले जातात.

बोगद्याच्या बाबतीत अडचण खरोखरच मोठी असते. माथ्यापासून हजार-दीड हजार मीटर खोल असलेल्या बोगद्याच्या रेषेवर वरून ड्रिल घालणे बहुतेक ठिकाणी परवडत नाही, कधी शक्यही नसते. म्हणून खणताना पुढच्या खडकात लांब, बारीक छिद्रे घेऊन अंदाज घेत जावे लागते. हिमाचलमधील रोहतांग खिंडीखालचा 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा 3 ऑक्टोबर 2020 रोजी खुला झाला. त्यातल्या सेरी नाल्याखालच्या केवळ 587 मीटर विभंग-पट्ट्याने सुमारे चार वर्षे घेतली. वर वाहणाऱ्या नाल्याचे पाणी त्या भरडलेल्या खडकातून सतत आत येत होते.

जम्मू-काश्मीरमधील उधमपूर-श्रीनगर-बारामुल्ला या 272 किलोमीटरच्या रेल्वेमार्गावरचा अनुभव यापेक्षा वेगळा नाही. या मार्गावरील चिनाब पुलासह कटरा-बनिहाल टप्प्याचे मोठे काम कोकण रेल्वे महामंडळाकडे होते, म्हणजे सह्याद्रीत तयार झालेला अनुभव तेथे गेला. मध्यंतरी या मार्गाची आखणीच बदलावी का, असा वाद झाला आणि 2008 साली काम थांबले, कारण आखणी विभंगांच्या फार जवळून जात होती. कटरा-रियासी दरम्यानचा सुमारे सव्वातीन किलोमीटरचा टी-1 बोगदा मुख्य सीमा विभंगातून जातो. लांबीने तो या मार्गावरील अनेक बोगद्यांहून लहान आहे. तरी सर्वांत शेवटी पूर्ण झालेल्या कामांत त्याची गणना होते. संपूर्ण मार्ग 6 जून 2025 रोजी खुला झाला.

बोल्ट, भिंती, जाळ्या यांनी भागत नाही का?

काही ठिकाणी छान भागते. रॉक बोल्ट म्हणजे खडकात खोल रोवून पलीकडच्या भक्कम भागाला पकडणारी लोखंडी सळई. तिला पकडायला आत भक्कम खडक असावा लागतो. सहा मीटरची सळई आणि चाळीस मीटर जाडीचा चुरा असेल, तर सळईची दोन्ही टोके चुऱ्यातच राहतात आणि दरड कोसळताना ती सळईसह कोसळते. फवारलेल्या काँक्रीटचा थर पृष्ठभाग सुबक करतो, पण त्यात पाणी बाहेर पडण्याची भोके ठेवली नाहीत तर तोच पाणी कोंडतो. हेच संरक्षक भिंतींचे. या सर्व उपायांत सर्वांत कमी दिसणारा आणि बहुधा सर्वांत उपयोगी उपाय म्हणजे निचरा: उतारात किंचित वरच्या दिशेने आडवी लांब छिद्रे पाडून त्यात जाळीदार नळ्या बसवायच्या आणि आतले पाणी बाहेर काढायचे. उद्घाटनाच्या छायाचित्रात या नळ्या येत नाहीत, हे त्यांचे दुर्दैव.

कापणीची दिशाही तितकीच निर्णायक असते. खडकाचे थर आणि विभंग डोंगराच्या आत कललेले असतील, तर रस्त्यासाठी केलेली कापणी तुलनेने टिकते. ते रस्त्याच्या दिशेने कललेले असतील, तर कापणीने त्यांचा आधारच निघतो. एकाच दरीच्या दोन काठांवर म्हणूनच अगदी वेगळी स्थिती असू शकते. चारधाम महामार्गाच्या रुंदीवरून सर्वोच्च न्यायालयात जो वाद चालला, त्याकडे या दृष्टीने पाहायला हवे होते. न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये 5.5 मीटर रुंदी ठरवली, आणि डिसेंबर 2021 मध्ये संरक्षणाच्या गरजेमुळे सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यांना दुपदरी रुंदी मान्य केली. चर्चा किती मीटर या एका आकड्याभोवती फिरली. पण सुमारे 900 किलोमीटरच्या रस्त्यावर खडक प्रत्येक वळणाला बदलतो. एका ठिकाणी दहा मीटरही निभावतील, आणि दुसरीकडे विभंगावरच्या ढिगाऱ्यात साडेपाच मीटरसाठीची उभी कापणीही जड जाईल.

हे सह्याद्रीला लागू पडते का?

थेट नाही. माळीण (2014), तळीये (2021) आणि इर्शाळवाडी (2023) येथील दरडींची तुलना हिमालयातील विभंगांशी करण्याचा मोह टाळलेला बरा. सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या जवळजवळ आडव्या थरांचा बनलेला आहे; थरांचे एकमेकांवर चढून शंभर किलोमीटर घासले जाणे येथे घडलेले नाही. येथे दरडी मुख्यतः झिजलेल्या खडकावरच्या मातीच्या जाड आवरणातून सुटतात. 1967 चा कोयनेचा भूकंप जिच्यावर झाला ती तूट आहे, पण तो भूकंपाचा विषय झाला.

साम्य आहे ते कमकुवत थर आणि कोंडलेले पाणी या जोडीत. ती जोडी तयार करायला सह्याद्रीत विभंग लागत नाही. उन्हापावसात कुजलेला बेसाल्ट आणि जांभा तेच काम करतात. कोकण रेल्वेच्या बांधणीत कठीण कातळातील लांब बोगद्यांपेक्षा गोव्यातील पेडण्याच्या दीड किलोमीटरच्या बोगद्याने अभियंत्यांना अधिक छळले, कारण तो मऊ, पाणथळ मातीतून जातो. मार्ग सुरू होऊन पाव शतक उलटल्यावर, जुलै 2024 मध्येही, तेथे पाणी शिरल्याने गाड्या थांबवाव्या लागल्या.

मग हिमालयात बांधायचेच नाही का?

तेथे लोक राहतात, त्यांना दवाखान्यात जायचे असते, सैन्याला सीमेवर पोहोचायचे असते. त्यामुळे ‘काहीच बांधू नका’ हे उत्तर मैदानातल्या माणसाला सोपे आहे. विभंग ओलांडता येतो. जपान, स्वित्झर्लंड आणि तैवान हे देश ते करतातच, आणि अटल बोगदाही अखेर झालाच. फरक पडतो तो विभंग आधी ओळखून, काटकोनात, सावकाश आणि पैसा राखून ओलांडण्याने. शक्य तेथे उघडी कापणी टाळून विभंगाखालून बोगदा नेणे, उतारात पाण्याचा दाब मोजणारी उपकरणे बसवून पावसाळ्यात त्यांचे आकडे रोज पाहणे, गावांच्या सांडपाण्याला बंद नळातून नदीपर्यंत नेणे, या गोष्टींत अज्ञात असे काही नाही.

अडते ते बहुधा कराराच्या कागदावर. प्रकल्प अहवालात विभंगाचा पट्टा तीस मीटर धरलेला असतो, प्रत्यक्षात तो तीनशे मीटर निघतो, आणि मधल्या फरकाचा खर्च मालकाने सोसायचा की ठेकेदाराने, हे स्पष्ट लिहिलेले नसते. ते लिहिलेले नसेल तर आधी जास्त ड्रिल घेण्यात मालकाला रस नसतो, कारण अंदाजपत्रक फुगते. आणि खणताना थांबून पुढचा खडक तपासण्यात ठेकेदाराला रस नसतो, कारण थांबलेल्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत. नॉर्वेसारख्या देशात बोगद्याच्या करारात खडकाच्या वेगवेगळ्या दर्जांसाठी वेगवेगळे दर आधीच ठरवून ठेवण्याची पद्धत आहे: खराब खडक लागला की दर आपोआप बदलतो, आणि तो खराब आहे हे लपवण्यात कोणाचाच फायदा उरत नाही.